विमान जाईपर्यंत

कोलकात्यात विमानतळाला लागून असलेल्या डमडममध्ये आमचं घर आहे, त्यावरून दर थोड्या वेळाने विमान उतरतं. तेवढा वेळ कोणाचंच काही ऐकू येत नाही, म्हणून बोलणारा तोंडातलं वाक्य तसंच धरून ठेवतो आणि विमान गेलं की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करतो. पाहुण्यांना याचं हसू येतं. आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

मी कालिंदी. शाळेत गणित शिकवते आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. या मे महिन्यात तो वहिनीवर निघाला. लीनावहिनीने आपल्या मुलीसाठी, आभासाठी, सुट्टीतल्या ध्यानाचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं होतं. सकाळी दहा मिनिटं श्वास, दुपारी पंधरा मिनिटं शांतता, आणि केलं की बरोबरची खूण. मोबाइलमधली एक बाई गोड आवाजात डोळे मिटायला सांगायची. आभा एक डोळा मिटायची आणि दुसऱ्याने घड्याळ बघायची.

वहिनीचंही अगदीच चुकत नव्हतं. गेल्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या कथाकथन स्पर्धेत आभा मध्येच अडकली आणि माइक तसाच सोडून पडद्यामागे पळाली. इथे वाढलेल्या आमच्या मुलांचं मराठी घरापुरतं. चारचौघांत शब्द सापडेनासा झाला की ती गांगरतात. त्यानंतर वर्षभर ती मंडळाकडे फिरकली नाही, गणपतीलासुद्धा नाही. यंदा मात्र तिने स्वतःहून नाव दिलं होतं. पुन्हा पळाली असती, तर ही पोर परत कुठल्याही स्टेजवर चढली नसती, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी वेळापत्रक फ्रिजवरून काढून टाकलं. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आभाला मी एवढंच सांगितलं, की विमान आलं की आपण तसेही गप्प बसतो. तेवढा वेळ नुसता तो आवाज ऐकायचा, पार विरेपर्यंत, आणि मग आपलं वाक्य उचलायचं.

पहिले चार दिवस तिला कंटाळा आला. पाचव्या दिवशी म्हणाली, की विमान गेल्यावर शेजारच्या कुकरची शिट्टी पहिल्यांदाच नीट ऐकली. मग तिला नादच लागला. एक लिची ती पाच मिनिटं खायची, सालीपासून बीपर्यंत. तेवढ्यात उरलेल्या मी संपवायची. संध्याकाळी गच्चीत अनवाणी चालताना कुठली फरशी अजून तापलेली आहे आणि कुठली निवली, ते सांगायची. वहिनीचा रुसवाही त्यातच गेला. विमान आलं की तीही चहाचा कप हातात धरून ऐकत बसायला लागली.

स्पर्धा शाळा उघडायच्या आदल्या रविवारी, दक्षिण कोलकात्यातल्या एका हॉलमध्ये होती. तिथे विमान नाही. आभाची गोष्ट मेट्रोत हरवलेल्या चपलेची, तिनेच रचलेली. निम्मी गोष्ट झकास झाली. "आणि मग ती चप्पल," असं म्हणून ती थांबली.

शब्द गेला होता. चेहरा अगदी गेल्या वर्षीचा. मागे कोणीतरी खाकरलं. पहिल्या रांगेतल्या परीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं, आणि वहिनी उठायला लागली. तेवढ्यात आभाने मान वर केली. डोक्यावर एक जुना पंखा खटखट करत फिरत होता. तिचे ताठरलेले खांदे हळूहळू खाली आले. मी वहिनीचा पदर ओढला.

"बस वहिनी," मी म्हटलं. "विमान चाललंय."

वहिनी बसली. आम्ही दोघींनीही तो पंखा ऐकला. किती वेळ, देव जाणे.

"ती चप्पल," आभा म्हणाली, नेमक्या त्याच शब्दापासून, "एकटीच पुढच्या स्टेशनावर उतरली."

हॉल हसला, आणि शेवटपर्यंत हसतच राहिला. पहिला नंबर तिचाच आला. मी रडत नाही. त्या दिवशी रडले, आणि वहिनीच्याच पदराला डोळे पुसले. बक्षीस देताना परीक्षकबाईंनी तिला विचारलं, की गोष्टीत इतकं सुरेख थांबायला तुला कोणी शिकवलं.

आभाने माइक जवळ ओढून घेतला.

"आमच्याकडे डमडमला सगळे असेच बोलतात," ती म्हणाली, आणि सगळ्यांसमोरून, पुढच्या पायऱ्यांनी खाली उतरली.