लॉराची शाही खोली

जेफ्री आणि लॉरा व्हिएन्नाहून परत आले तेव्हापासून त्यांच्या आखातातल्या, जुफैर भागातल्या फ्लॅटमध्ये साधा चहा मिळेनासा झाला होता. त्या शुक्रवारी टेरेसासमोर जो कप आला त्यात कडवट कोरं पाणी होतं आणि बशीत साखरेचा एक खडा. तिने दूध मागितलं तर लॉरा हसली. "बाय, तिकडे असाच पितात." तिकडे गाई मेल्या काय, असं टेरेसाच्या अगदी ओठांवर आलं होतं.

जेफ्री तिचा धाकटा भाऊ, लॉरा भावजय. सगळे मूळचे वसईचे. टेरेसा त्याच शहरातल्या नईम भागात एका खोलीत राहायची आणि जुफैरच्याच एका मोठ्या हॉटेलात बावीस वर्षं हाउसकीपिंगला होती, आता सुपरवायझर. इतक्या वर्षांत तिने एवढ्या चादरी बदलल्या होत्या की माणूस कसा आहे हे त्याच्या तोंडापेक्षा त्याच्या पलंगावरून तिला लवकर कळायचं. लॉराच्या बाबतीत मात्र पलंगाची गरज पडली नव्हती. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे मत लग्नाच्या दिवशी झालं ते आजवर टिकून होतं.

कौतुक ऐकायला शैलेंद्र आणि रंजिता हे रत्नागिरीकडचं जोडपं बोलावलं होतं. शैलेंद्र जेफ्रीच्याच ऑफिसात होता. टीव्हीवर फोटो चालू होते. कुणा सरदाराचा दीडशे वर्षांचा महाल, त्याचं आता हॉटेल झालेलं. लॉरा जिन्यावर, लॉरा झुंबराखाली, लॉरा केकसमोर. महाल बिचारा कुठेतरी मागे.

"चार रात्री राहिलो आम्ही," लॉरा म्हणाली. "भिंतीवर खरं सोनं. आपल्या इथल्या हॉटेलांना हिस्ट्रीच नाही गं बाय. नुसती काच."

ती काच रोज कोण पुसतं हे माहीत असून तिने असं म्हटलं, याचा टेरेसाला राग आला. जेफ्री वेफर्स खात होता. बायको बोलायला लागली की त्याला नेहमीच भूक लागायची.

मग आला पलंगाचा फोटो. उशांना टेकून लॉरा महाराणीसारखी पसरलेली. रंजिता "अगं बाई" म्हणाली. टेरेसाने चष्मा चढवला.

चादर चारही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेली. बाजूच्या टेबलावर ना पाण्याचा ग्लास, ना चार्जर, ना औषधाची गोळी. कोपऱ्यातल्या आरशात दार दिसत होतं, आणि दाराखाली रबराची पाचर, तिच्यापलीकडे टॉवेलांच्या ट्रॉलीची कड. पाहुणा खोलीत असताना दाराला पाचर कुणी लावत नाही. ती लागते साफसफाई चालू असताना. म्हणजे ही खोली यांची नव्हतीच. साफ होत असलेल्या खोलीत शिरून फोटो काढलेला होता.

टेरेसाला इतका आनंद झाला की तो कडू चहाही तिने घोटभर प्यायला. आता चारचौघांत एकच प्रश्न विचारायचा आणि या बयेचं सिंहासन खाली ओढायचं. ती तोंड उघडणार तेवढ्यात लॉरानेच फोन पुढे केला.

"परवा मी हा टाकला ना नेटवर, तर हॉटेलवाल्यांचाच मेसेज आला. रूम नंबर आणि तारीख कळवा, आम्ही गिफ्ट पाठवतो. रंजिता, तुझ्यासमोरच पाठवते बघ. दोनशे चौदा."

टेरेसाचा आनंद जागच्या जागी विझला.

तीन वर्षांपूर्वी तिच्या हाताखालच्या मुस्कानने एका जोडप्याला अशीच पाच मिनिटं खोली उघडून दिली होती. सिस्टर, फक्त एक फोटो, म्हणाले होते ते. फोटो नेटवर गेला, मॅनेजरने रूम नंबर आणि तारीख दिली आणि त्या दिवशीच्या ड्युटीच्या कागदावरून ती खोली कुणाकडे होती ते शोधायला सांगितलं. ते नाव टेरेसाने शोधून दिलं होतं. दोन मिनिटांचं काम. आठवड्यात मुस्कानचा व्हिसा कॅन्सल झाला. सामान घेऊन निघताना ती टेरेसाला एवढंच म्हणाली होती की ड्युटी कुणाची होती ते विसरले, असं तुम्ही मॅनेजरला सांगायचं होतं.

"लॉरा, किचनमध्ये ये," टेरेसा म्हणाली. "आत्ता."

किचनमध्ये तिने दार लोटलं. "राहिलात कुठे?"

लॉराने थोडा वेळ नाक उडवलं आणि मग खरं सांगितलं. स्टेशनमागे स्वस्तातलं हॉटेल होतं. महालात फक्त कॉफी प्यायली.

"खोली कुणी उघडली?"

"होती एक बाई. साफ करत होती. चांगली होती गं, मी उठल्यावर चादर पुन्हा ओढलीन तिने."

"नाव काय तिचं?"

"नाव कशाला विचारू?"

टेरेसाला वाटलं, एक ठेवून द्यावी. "गिफ्ट कसलं, त्या बाईला शोधतायत ते. नंबर गेला की तिची नोकरी खलास. फोटो काढून टाक. उत्तर पाठवू नकोस."

"आणि बाहेर काय सांगू? सगळ्यांनी पाहिलाय." लॉराचे डोळे भरले होते, पण स्वतःसाठी. "तू त्यांना सांगणार ना, आम्ही राहिलो नाही म्हणून?"

सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तोंडघशी पडलेली लॉरा हट्टाला पेटली असती आणि रूम नंबर पाठवून मोकळी झाली असती, हे टेरेसा ओळखून होती.

"नाही सांगत. नणंदेच्या पोटात दुखलं म्हण. तिने फोटो काढून टाकायला लावला म्हण."

लॉराने तिच्या डोळ्यांसमोर फोटो पुसला, मेसेज पुसला. बाहेर गेल्यावर सोफ्यावर बसायच्या आत तिचा आवाज पूर्वपदावर आला. "काढून टाकला बाबा फोटो. बायला नाही आवडलं. काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही."

शैलेंद्र टीव्हीकडे बघू लागला. जेफ्रीला सगळं माहीत होतं. त्याने वेफर्सची पिशवी झटकून तळाचा चुरा तोंडात टाकला.

रंजिता टेरेसाजवळ सरकली आणि तिच्या हातावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका, टेरेसाताई. तुमचाही योग येईल, इंशाल्ला. पण खरंच बघवलं नाही का तुम्हाला?"

"नाही बघवलं," टेरेसा म्हणाली, आणि रंजिताला ते खरं वाटावं म्हणून तिने मान खाली घातली.