अडीच बोटं बर्फ

लाँचचा भोंगा मी ऐकला होता. वारा फार होता, काही ऐकू आलं नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. पण तिन्ही वेळा तो मला स्वच्छ ऐकू आला. मी धक्क्यापासून पाच मिनिटांवर तिपाईला कॅमेरा लावून उभा होतो आणि नदीतून बर्फाच्या पहिल्या चकत्या गोल फिरत येत होत्या. त्यांच्या कडांवर ऊन पडलं होतं. म्हटलं, एवढा एक घेतो, लाँच काय, संध्याकाळी पुन्हा येईलच.

ती आली नाही. मोसमातली शेवटची फेरी होती. तिकीट खिडकीवर तशी पाटी लावलेली होती, आणि गंमत म्हणजे त्या पाटीचाही मी फोटो काढला होता.

त्या रविवारपासून नदी धड पाणी राहिली नाही, धड रस्ताही झाली नाही. बर्फातून लाँच चालेना, आणि माणसाचं वजन पेलण्याइतका बर्फ धरायला दहा-बारा दिवस लागतात म्हणे. तोवर उत्तरेच्या टोकाचं ते टीचभर गाव जगापासून तुटलेलं. गावकऱ्यांना त्याचं काहीच नव्हतं. पीठ, रॉकेल, औषधं भरून ते निवांत बसले होते. मला मात्र शुक्रवारी ताईला किडनी द्यायची होती.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर माझं न्हाऊमाखू, शाळा, सगळं तिनेच केलं. घरात माझ्या एकट्याची किडनी तिला जुळली. डायलिसिसची नळी आधी हातात, मग मानेत घातली आणि आता तीही दगा देत होती. ही तारीख चुकवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ऑपरेशननंतर तीन महिने वजन उचलता येणार नाही, तेव्हा त्याआधी एक काम उरकून घेऊ, हे शहाणपण माझं. मासिकाच्या संपादकबाईंना नदी गोठतानाचा फोटो हवा होता. तो मी रविवारीच पाठवला. ‘अप्रतिम’ असं उत्तर आलं.

सोमवारी सकाळी लाँचच्या ऑफिसात गेलो. कारकून शेगडीवर मोजे वाळवत होता.

“हेलिकॉप्टर मागवता येतं ना?”

“पेशंटसाठी येतं. पेशंट कुठाय?”

“शहरात, हॉस्पिटलमध्ये.”

“मग तिला कशाला हेलिकॉप्टर?”

“तिला नाही हो, मला.”

“तुम्हाला काय होतंय?”

“काही नाही. मी धडधाकट आहे, म्हणून तर जायचंय.”

त्याने मोजा उलटा केला. “धडधाकट माणसाचा फॉर्म नाही आमच्याकडे.”

बाहेर पायरीवर बसून मी रडलो. बेचाळीस वर्षांचा घोडा, हुंदके देऊन रडलो.

ऑफिसबाहेर एक फळा होता. त्यावर रोज बर्फाची जाडी लिहायचं काम एका म्हाताऱ्याकडे होतं. तो गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचा आणि आत हात घालून बोटांनी जाडी मोजायचा. चार बोटं भरल्याशिवाय कोणाला नदीवर पाऊल टाकू द्यायचा नाही, म्हणून गाव त्याला चारबोटे म्हणायचं. सोमवारी फळ्यावर एक, मंगळवारी दीड. मी त्याच्या मागेमागे फिरलो, गिरमीट वाहिलं, नाकदुऱ्या काढल्या. तो ढिम्म. दाजींचा तासातासाला फोन. “निघालास का रे?” मी म्हणायचो, “निघतोच.” ताईला त्यांनी काही कळू दिलं नव्हतं.

बुधवारी अडीच. मी सरळ त्याचे पाय धरले. म्हटलं, “काका, मी एकटा जातो. बुडलो तर माझा मी.”

“तुझा तू कसा? तू गेलास की तिकडे तीही गेली. दोघांचं वजन घेऊन चाललायस, आणि बर्फ आहे अडीच बोटं.”

मी पाय सोडले नाहीत. शेवटी त्याने खिशातून फडकं काढलं आणि फळा पुसून टाकला. “आज काही लिहीत नाही. लिहिलं तर मला मलाच अडवावं लागेल. चल, होडी काढू.”

पत्र्याची, सपाट बुडाची हलकी होडी. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी, काठ धरून ती बर्फावरून ढकलत न्यायची. पायाखालचं फुटलं की पोटावर होडीत झोकून द्यायचं. माझी कॅमेऱ्याची बॅग त्याने घेऊ दिली नाही. फोन तेवढा प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधला. अर्ध्या किलोमीटरला अडीच तास लागले. बर्फ काळा होता आणि त्याखालून पाणी पळताना दिसत होतं. पहिल्यांदा फुटला तेव्हा मी वेळेवर झोकून दिलं. दुसऱ्यांदा जमलं नाही. छातीपर्यंत आत गेलो, प्रवाहाने पाय होडीखाली ओढले. चारबोट्याने कॉलर धरून मला वर खेचलं आणि दोन शिव्या हासडल्या. काठावर उतरलो तेव्हा माझे दात वाजत होते आणि मी हसत होतो.

तिथून लाकडाच्या ट्रकमध्ये जागा मिळाली. ड्रायव्हरने कोरडी पँट दिली, शर्ट अंगावरच वाळला. गुरुवारी दुपारी हॉस्पिटलात पोचलो. दाजींनी मला मिठी मारली आणि लगेच मागे सरले.

“अरे, अंग केवढं तापलंय तुझं.”

एकशे तीन. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. “न्यूमोनिया. अशा माणसाची किडनी मी काढू शकत नाही.”

“एखादं इंजेक्शन द्या. काहीही द्या.”

“निदान तीन आठवडे.”

“तिच्याकडे तेवढे आहेत?”

त्यांनी एक्स-रे पाकिटात घातला. “बघू,” म्हणाल्या.

मी बाकावर बसून हिशेब केला. गावात मुकाट चार बोटांची वाट बघत बसलो असतो, तर दहा दिवसांत धडधाकट येऊन पोचलो असतो. हे मला तेव्हा सुचलं नाही. कसंही करून पळत सुटायचं, एवढंच सुचलं.

ताईच्या खोलीत मला सोडेनात. दाराच्या काचेतून बघायचं आणि फोनवर बोलायचं. तिचा चेहरा सुजला होता. दाजींनी एव्हाना तिला सगळं सांगितलं होतं.

“ताई, मी शेण खाल्लं.”

“ते तू लहानपणापासून खातोस,” ती म्हणाली. “कशासाठी थांबला होतास, ते तरी दाखव.”

मी फोटो पाठवला. ती तो बोटांनी मोठा करून, इकडून तिकडे सरकवत बघत राहिली. तिला दिवसाला अर्धा लिटर पाण्याची परवानगी होती, त्यातलं निम्मं गोळ्यांना लागायचं.

“केवढं पाणी आहे रे,” ती म्हणाली.

मग तिने ओठांवरून जीभ फिरवली आणि आजचं किती उरलंय, म्हणून नर्सला विचारलं. नर्स म्हणाली, दोन घोट.