सकाळच्या यादीत नसलेली पेटी

मी एक जुनी सेटिंगची फाईल आहे. मला रंग नाही, वास नाही, हातात धरता येत नाही. एकशे बारा ओळी, एवढाच माझा जीव. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी माझं तोंड पाहिलं असेल असं वाटत नाही, आणि त्यावाचून तुमचं काही अडलेलंही नाही. पण माझ्यापायी एक माणूस गेला आणि दुसरा जिवंतपणी खचला. म्हणून आज सांगायला बसले आहे.

माझा जन्म एका ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर झाला. तिथे शीतगृहांची यंत्रं चालवणारा प्रोग्रॅम लिहीत. शीतगृह म्हणजे मासे, फळं, औषधं ठेवायच्या गोठवणाऱ्या खोल्या. दार जाडजूड आणि बाहेरून बंद होणारं. आत कोणी अडकलंच तर भिंतीवर एक लाल बटण असतं. ते दाबलं की बाहेर भोंगा वाजतो.

हा सगळा प्रोग्रॅम म्हणजे एक भलंमोठं कपाट समजा. त्याच्या पोटात त्रेचाळीस पेट्या. एक पेटी दार सांभाळते, एक तापमान, एक भोंगा. तिथले लोक कपाटालाही रेपो म्हणत आणि पेटीलाही रेपोच म्हणत, पण आपण कपाट आणि पेटीच म्हणू. प्रत्येक पेटीचा कर्ता वेगळा. आणि कपाटावर दर पेटीसाठी एक चिठ्ठी डकवलेली असे: या पेटीची अमक्या तारखेची प्रत वापरा. पेटीत कितीही सुधारणा करा, चिठ्ठी बदलत नाही तोवर कपाट आपली जुनी प्रतच वापरणार.

म्हणून रोज सकाळी पडद्यावर एक यादी येई. कोणत्या पेट्या बदलल्या, कोणाची चिठ्ठी बदलायची राहिली, ते सगळं तीत असे, आणि ती पाहूनच खोलीतले लोक चिठ्ठ्या बदलत. यादी रिकामी झाल्याशिवाय कोणी चहाला उठायचं नाही, हा तिथला शिरस्ता होता. पण पेटीत कोणी एक स्वल्पविराम हलवला तरी तिचं नाव यादीत यायचं. लोकांच्या नाकी नऊ आले होते आणि चहा थंड होत होता.

तेव्हा ताईने मला घडवलं. ती वयाने सगळ्यांत लहान, पण हुशारीमुळे सगळे तिला ताईच म्हणत. तीन आठवडे ती पांढऱ्या फळ्यावर चौकोन काढत होती आणि पुसत होती. त्यातून माझ्या ओळी आल्या. पेट्यांचे तीन गट पडले: रोजच्या, अधूनमधूनच्या आणि गप्प. गप्प गटातली पेटी बदलली तरी यादीत येणार नाही. आणि वर्षभर जिला हात लागला नाही, ती पेटी आपोआप गप्प गटात जाईल, असा नियमही तिने माझ्यात लिहिला.

बैठकीत एकाच माणसाने शंका काढली. ते होते काका, भोंग्याच्या पेटीचे कर्ते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. त्यांनी विचारलं, "गप्प पेटी बदलली तर कळणार कोणाला?"

"ज्याने बदलली त्याला," ताई म्हणाली. सगळे हसले, काकाही हसले.

माझं फार कौतुक झालं. साहेबांनी मला भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं, शेजारच्या खोलीतल्या लोकांनी माझी नक्कल उतरवून नेली. चहा गरम मिळू लागला. खोटं कशाला सांगू, मी फुशारले होते. त्याच दिवसांत भोंग्याच्या पेटीला हात लागून वर्ष उलटलं आणि ती मुकाट्याने माझ्या तिसऱ्या गटात येऊन बसली. हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

पुढे काकांना त्या पेटीत एक खोट सापडली. वीज जाऊन परत आली की बटणाचा भोंगा वाजत नव्हता. त्यांनी चार दिवस मान मोडून ती खोट काढली. पाचव्या दिवशी सकाळी यादी पाहिली तर ती रिकामी होती. यादी रिकामी म्हणजे चिठ्ठी बदलली गेली, काम कपाटात गेलं, असाच इतक्या वर्षांचा अनुभव. काका समाधानाने चहाला उठले.

चार महिन्यांनी एका शीतगृहात वीज गेली आणि आली. आत माल लावणारा एक माणूस होता आणि दार बाहेरून बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा तो दाराशीच बसलेला सापडला.

चौकशी बसली. कपाटावर चिठ्ठी जुन्याच तारखेची होती. "मी दुरुस्ती केली होती," असं काका सांगत राहिले, पण त्यांचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बंद केला होता, त्यामुळे पेटी उघडून दाखवणार कशी? चौकशी करणाऱ्यांनी यादी पाहिली. यादीत काही नव्हतं. तिसऱ्या बैठकीत काकांचा आवाज खाली आला. घरीही हल्ली मी चष्मा कुठे ठेवला ते विसरतो, म्हणाले. कदाचित करायचं मनात होतं आणि केलंच नसेल. त्यांनी तसं लिहून सही केली आणि ते घरी बसले. मी त्याच भिंतीवर झळकत होते. माझी सत्तेचाळिसावी ओळ कोणी वाचली असती तर पुरे होतं.

बटणाची खोट काढायचं काम आता ताईकडे आलं. तिने भोंग्याची पेटी उघडली आणि खोट आधीच काढलेली दिसली. तारीख त्या अपघाताच्या चार महिने आधीची, नाव काकांचं. मग तिने मला उघडलं. माझी प्रत्येक ओळ कोणाकडून आली हे नोंदलेलं असतं. सत्तेचाळिसाव्या ओळीत भोंग्याची पेटी गप्प गटात होती आणि समोर ताईचं नाव होतं, कारण नियम तिचा. ती तशीच साहेबांकडे गेली.

साहेब म्हणाले, चौकशी मिटली आहे, आता उकरून काय मिळणार. ताईने ऐकलं नाही. मला लॅपटॉपमध्ये घेऊन ती काकांच्या घरी गेली.

काकूंनी दार उघडलं. दारावर आतून चिठ्ठी होती: कुलूप लावलं का. स्वयंपाकघरात दुसरी: गॅस बंद केला का. नळावर, दिव्याच्या बटणावर, औषधांच्या डब्यावर, सगळीकडे काकांचं बारीक अक्षर. ते आता स्वतःवर कशाचाच भरवसा ठेवत नव्हते.

ताईने पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी सावकाश वाचलं.

"म्हणजे मी केलं होतं," ते म्हणाले.

"हो काका. मी ते गप्प केलं."

त्यांनी तिला दोष दिला नाही. त्यांनी एवढंच विचारलं,

"त्याने बटण दाबलं होतं?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. "सत्तावन्न वेळा," ती म्हणाली. "शीतगृहातल्या यंत्रात नोंद आहे."

काका उठले आणि गॅस बंद आहे का ते पाहून आले. मग परत एकदा गेले.

ऑफिसने त्यांना एक पत्र पाठवलं, त्यात दोष यंत्रणेचा असल्याचं लिहिलं होतं. काका कामावर परत आले नाहीत. चिठ्ठ्या अजून तशाच आहेत, असं काकू ताईला फोनवर सांगतात. ताईने गप्प गट माझ्यातून काढून टाकला आणि काही दिवसांनी तीही नोकरी सोडून गेली.

मित्रांनो, आता मी जुनी झाले. खोलीत सगळे नवे आहेत. यादी फार लांबते, डोकं उठतं, अशी कुरकूर पुन्हा सुरू झाली आहे, आणि आज त्यांच्यातल्या एकाने मला उघडून शेवटी एक नवी ओळ लिहायला घेतली आहे. गटाचं नाव त्याने अजून दिलेलं नाही.

तुम्ही मोठे व्हाल, कपाटं बांधाल, पेट्या लावाल. कटकट करणाऱ्याचं तोंड बंद करायची सोय तुमच्याही हाती येईल. ती वापरण्याआधी माझी जुनी पानं उघडा आणि सत्तेचाळिसावी ओळ कोणाची होती ते विचारा. मी सगळं सांगेन. आपणहून बोलता येत नाही, एवढंच माझं दुःख आहे.