चमकी शोधणारं मशीन

बद्रीनाथरावांच्या सुनेची चमकी बानाबाईनं उचलली, असं अजून कुणी तोंडानं म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती. खुलताबादच्या वरच्या अंगाला त्यांच्या शेतात खतासाठी बानाबाईची मेंढरं बसवलेली. शहरातून रविवारी आलेली सोनिया कौतुकानं कोकरू उचलायला जाळीच्या आत शिरली, कोकरानं तोंडावर डोकं आपटलं, आणि घरी येऊन आरशात बघते तर नाक मोकळं. एवढ्या हकिकतीत दुसऱ्या कुणाचं नाव बसतच नव्हतं.

चमकी ज्वारीच्या दाण्याएवढी. पण ती द्वारकाबाईंना सासूकडून आलेली आणि त्यांनी सुनेला दिलेली, म्हणून घरात तिचं वजन फार.

"सकाळीच मेंढरं उठवा म्हणावं त्रिंबकला," द्वारकाबाई म्हणाल्या. "गावाला कळू दे."

गावाला कळलं की काय होतं हे त्यांच्या मुलाला, विश्वजीतला, ठाऊक होतं. चोर म्हणून एकदा नाव निघालं, की शिवारात कुणी त्रिंबक-बानाबाई या नवरा-बायकोची मेंढरं बसवून घेणार नव्हतं. मेंढरं बसवून मिळणाऱ्या धान्यावरच त्यांचा उन्हाळा निघायचा. शिवाय विश्वजीत लहानपणी या बानामावशीच्या कांबळ्यावर झोपलेला. वाळूजच्या कंपनीत तो बिघडलेली मशीनं दुरुस्त करायचा, त्यामुळं माणसांपेक्षा मशीनवर त्याचा भरवसा जास्त.

"आई, मावशीचं नाव घेऊ नको. मी मशीन आणतो. चमकी जमिनीत असली तर मशीन बोलंल."

"आन् नाय बोललं तर?"

"मग बघू."

हे 'मग बघू' द्वारकाबाईंनी पदराला गाठ मारून ठेवलं.

पैठण गेटाजवळच्या दुकानदारानं विश्वजीतला बघितलं आणि ओळखीचं हसला. "हंडा ढूंढना है ना, साब? सब वहीच ढूंढते."

"चमकी शोधायचीय. नाकातली."

तोफ विकणाऱ्याकडं कुणी डास मारायचं औषध मागावं, तसा दुकानदाराचा चेहरा झाला. पण माणूस आपल्या धंद्यात पक्का होता. परातीएवढी चकती असलेलं मशीन त्यानं बाजूला सारलं. ते खोल बघतं, पण त्याच्याखालून चमकी मुंगीसारखी निसटून जाईल. मॉलच्या दारात अंगावरून फिरवतात तो दांडकाही सारला. तो खिशापुरता. शेवटी त्यानं तळहाताएवढ्या लांबट चकतीचं मशीन काढलं.

"बारीक सोन्याला हेच. तुमच्याकडं मुरूम, दगडात लोखंड. आधी याला जमिनीवर धरून गप करायचं, मग फिरवायचं. आणि हे बटन कचऱ्याचं. खिळे बंद, पुड्यांची चकचकीत पन्नी बंद, पाहिजे ते बंद. पण साब, एक बात याद रखो. पन्नी बंद केली तर बारीक सोनं पण बंद. मशीनच्या कानाला दोन्हीचा आवाज एकच."

"म्हणजे पन्नी वाजू द्यायची."

"वाजू द्यायची आणि उकरत बसायचं. कंटाळा आला तर सोना गया."

विश्वजीतनं मशीन भाड्यानं घेतलं. रात्री जेवताना त्यानं बटनांसकट सगळं घरच्यांना समजावून सांगितलं. शिकलेल्या मुलाचं कौतुक वाटून बद्रीनाथरावांनीही मन लावून ऐकलं.

सकाळी बांधावर निम्मं गाव. खुर्च्यासुद्धा आल्या. त्रिंबकनं मेंढरं पलीकडच्या पडीकात नेऊन उभी केली आणि बानाबाई कमरेवर हात ठेवून पुढं आली. तिला कसलीच धाकधूक नव्हती.

"फिरव बाबा निवांत. पडली असंल तर जाती कुठं?"

विश्वजीतनं मशीन जमिनीशी जुळवलं आणि लेंड्यांवरून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. मशीन लगेच ओरडलं. गर्दी पुढं सरकली. विश्वजीतनं उकरलं, तर गुटख्याची रिकामी पुडी. माणसं हसली. चार पावलांवर परत ओरडलं. परत पुडी. मग ते ओरडतच राहिलं.

"साहेब, खाणच लागली की!" सांडू ओरडला. गावात कुणाचंही काही उघडं पडत असलं की सांडू पहिल्या रांगेत. "एवढं पीक तर कपाशीलाबी आलं नाय औंदा!"

विश्वजीत मात्र हसत नव्हता. प्रत्येक पुडी एकाच पद्धतीनं दुमडलेली होती. विड्यासारखी तिकोनी घडी, वर नखानं दाबलेली. ही घडी त्यानं लहानपणापासून एकाच माणसाच्या खिशात बघितली होती. त्या माणसाचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडेनासं झालं, तेव्हा शहरातल्या डॉक्टरसमोर त्यानं गुटखा सोडला. सप्त्याच्या मंडपात माईकवरून शपथ घेतली. तो आता गावाच्या व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष होता आणि बांधावरच्या सगळ्यात मोठ्या खुर्चीत बसला होता.

"मेंढके लई खातेत गुटखा," बद्रीनाथराव मोठ्यानं म्हणाले.

"आमी तंबाखू मळतो, पाटील," त्रिंबक म्हणाला. "पुडी नाय." मग आपण जास्त बोललो असं वाटून तो खाली बघू लागला.

"घडी तर वळखीची दिसती," सांडू म्हणाला.

कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. द्वारकाबाई नवऱ्याकडं बघत होत्या. बद्रीनाथराव खुर्चीतून उठले, मशीन बघायला आल्यासारखे मुलाजवळ आले.

"बंद कर ते कचऱ्याचं."

"आप्पा, ते बंद केलं तर चमकी—"

"मला सांगतो? रात्री ऐकलंय मी. बंद कर. सगळ्या गावापुढं बापाला नागवं करायलाच आणलं का हे?"

विश्वजीतनं बांधाकडं बघितलं. बानाबाई एकटी उभी होती, बापाच्या मागं गाव होतं. त्यानं बटन दाबलं.

मशीन शहाण्यासारखं वागू लागलं. एका जागी रुपयाचं नाणं वाजलं, तेही लोकांना दाखवलं. "बघा, रुपाया सुदीक सोडत नाय!" कुणीतरी म्हणालं. विश्वजीतनं सगळी पट्टी फिरून काढली, कोपरेसुद्धा. एखाद्या कामाचा उपयोग नाही हे माहीत असलं की माणूस ते फार नीट करतो.

"झालं?" द्वारकाबाई म्हणाल्या. "आता बघ की. मग बघू म्हणला होतास."

विश्वजीत काही बोलायच्या आत बानाबाईच पुढं आली. तिनं बोचकं सोडून सगळी लुगडी मातीवर झटकली. "आता माझ्या अंगावरनं फिरव. पायापसून डोस्क्यापातूर. मंग कुणाच्या मनात काय ऱ्हायला नको."

त्याला मशीन फिरवावं लागलं. पायाशी चांदीची जोडवी खणखणीत वाजली. लोकांनी माना डोलावल्या, मशीन खरं. दंडातल्या वाकीला वाजलं. मग गळा आला. गळ्यात काळ्या दोऱ्यात सोन्याचा एक मणी. मशीनची चकती त्याच्यापासून बोटभर अंतरावर, आणि आवाज नाही. विश्वजीतचा हात आपोआप परत फिरला. आवाज नाही.

"अहो," जवळ उभी असलेली सोनिया म्हणाली, "मणी सोन्याचा आहे ना त्यांचा? मग तो का नाही वाजला?"

आता खरं बोललं तर बटनाची गोष्ट निघणार होती, आणि बटनामागून पुड्यांची. गाव कान देऊन होतं. बाप डोळे रोखून होता.

"खोटा असंल," विश्वजीत म्हणाला.

"आरं तिच्या!" सांडूनं मांडीवर हात मारला. "त्रिंबक, पितळच बांधलं व्हय रं लग्नात?"

आता मात्र गाव पोट धरून हसलं. चमकीचा विषयसुद्धा क्षणभर मागं पडला. बद्रीनाथराव हसत हसत खुर्चीत जाऊन बसले.

"सोन्याचा हाय," त्रिंबक म्हणाला. त्याचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. "कन्नडच्या बाजारात घेतला, बापासंगं जाऊन. सोन्याचा हाय."

बानाबाईनं मातीतली लुगडी गोळा करून बोचकं बांधलं. चोरीचं बोलणं ती ऐकून घेऊ शकत होती, कारण त्यात आपण खरे आहोत हे तिला माहीत होतं. मण्याचं तसं नव्हतं. तो तिनं कधी तपासलेला नव्हता, नुसता घातलेला होता.

दुपारपर्यंत त्रिंबकनं मेखा उपटल्या, जाळी घोड्यावर लादली. मेंढरं रस्त्याला लागली. पुढच्या शेताच्या मालकानं लांबूनच हातानं 'नको' केलं, तेव्हाही बानाबाई मेंढरं हाकत राहिली. बऱ्याच अंतरावर गेल्यावर तिनं दोन बोटांत मणी धरला आणि पुढं चाललेल्या नवऱ्याला विचारलं,

"खरं सांगा. मशीन कशाला खोटं बोलंल?"