खिशाखालचा रंग

शेवटच्या साध्या दिवशी आई आणि बाबा शर्टांवरून भांडत होते. भांडण जुनंच होतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कंपनी दर वर्षी नवे शर्ट द्यायची, जाड कापडाचे, छातीवर दोन मोठे खिसे असलेले. निवृत्त झाल्यावरही बाबा तेच विटलेले, करडे-निळे शर्ट घालत. कपाटाचा एक अख्खा खण त्या शर्टांनी अडवला होता आणि आईला तो खण हवा होता.

“एवढाल्या लिफ्टा सोडून आलात, शर्ट तेवढे सुटत नाहीत,” आई म्हणाली.

“लिफ्टा कंपनीच्या होत्या. शर्ट माझे आहेत.”

“कॉलर बघा. धागे लोंबतायत.”

“कॉलर कोण बघतं? लिफ्टमध्ये शिरलं की माणूस आकड्यांकडे बघत उभा राहतो.”

मी जेवणाच्या टेबलावर काम करत होते. छापायला जाण्याआधी पुस्तकांची पानं संगणकावर लावून देणं हा माझा धंदा. बाबांनी मान वळवून विचारलं, “तुझं काय मत?”

“मी या खटल्यात पडत नाही.”

“शहाणी आहेस,” ते म्हणाले आणि खिडकीची सैल झालेली कडी बसवायला गेले. संध्याकाळी चहा गार झाल्याची तक्रार केली, वर्तमानपत्र घडी न करता टाकलं म्हणून बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालायला खुर्चीत बसले. एक बूट पायात गेला. दुसऱ्याची वेळ आली नाही.

त्यानंतर आई बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपू लागली. आतल्या खोलीत थंडी वाजते म्हणाली. मी जाड पांघरुणं काढून दिली, खिडकी लावली, पडदा ओढला. ती रोज रात्री उशी काखेत मारून सोफ्याकडे जायची आणि सकाळी मान धरून उठायची. पलंगावरची चादर तशीच ताठ राहिली.

मग एका दुपारी आत्या आली. बाबांची थोरली बहीण. तिला मोकळं कपाट बघितलं की बरं वाटतं. तिने शर्टांचा खण पलंगावर रिकामा केला आणि म्हणाली, “कुणाच्या तरी अंगाला लागतील. मी पोचवते.”

आई नुसती दारात उभी होती, खोलीत पाऊल न टाकता.

“थांब जरा,” मी म्हणाले. “मला त्यांची गोधडी करायची आहे. आईच्या पलंगासाठी.”

आत्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “तू? सुईत दोरा ओवता येतो?”

“आधी आराखडा करते. संगणकावर.”

“मग पांघरायलाही संगणकच दे तिला.” पण हात मागे घेतला तिने. “रविवारी येते. दाखवण्यासारखं काही असलं तर दाखव. नाहीतर गाठोडं बांधून नेणार. वहिनी, तुझ्यासमोर सांगते, मागाहून कुरकुर नको.”

गोधडीचे आराखडे करण्याचं सॉफ्टवेअर मी त्याच दिवशी उतरवून घेतलं. कोरं पान, त्यावर चौकटी, चौकटीत तिकोनी आणि चौकोनी तुकडे. हे मला परकं नव्हतं. आपल्याकडच्या कापडाचा फोटो घालायचा, तो हव्या त्या तुकड्यात भरायचा, की गोधडी शिवण्याआधीच डोळ्यांपुढे येते. शिवणीत जाणारं कापडही ते स्वतःच हिशेबात धरतं. मी मधोमध एक मोठी चांदणी घेतली, पलंगाच्या या काठापासून त्या काठापर्यंत पसरणारी. शर्टांचे फोटो घेतले आणि एकेक भरत गेले.

चांदणी दिसेना. तुकडे सगळे जागच्या जागी होते, पण पडद्यावर नुसती निळसर करडी चादर. पानं लावताना मी एक सवय लावून घेतली आहे: शंका आली की रंग काढून बघायचं. गडद आणि फिकट यांत अंतर नसेल तर रंग कितीही गोड असोत, पान उभं राहत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तशी कळ होती. मी ती दाबली. करडं, करडं आणि करडं. बाबांचा एकूणएक शर्ट त्याच धुण्याने, त्याच उन्हाने सारखाच विटला होता.

मी चांदणी लहान केली, मोठी केली, फिरवली. जुने शर्ट आत घेतले, नवे बाहेर काढले. कापडाची उलटी बाजू लावून पाहिली. काही फरक पडला नाही. मधेच आत्याचा फोन आला.

“काय, निघाली का तुझी चांदणी?”

“ढग आहेत.”

“अगं, बाजारातून थोडं काळं कापड आण आणि मोकळी हो.”

तिचं म्हणणं व्यवहाराचं होतं. पण मग ती बाबांच्या शर्टांची गोधडी झाली नसती, बाबांचे शर्ट लावलेली गोधडी झाली असती. मला त्यातला फरक तिला समजावता आला नाही. मी म्हटलं, बघते.

शनिवारी मी निदान कापड किती निघतंय ते बघावं म्हणून शर्ट उसवायला बसले. खिसे दुहेरी टीप घालून बसवलेले, दोरा चिवट. माझ्या कात्रीने पहिल्याच झटक्याला कापडाला भोक पाडलं. सोफ्यावरून आई बराच वेळ बघत होती.

“असं उसवतात का? आण इकडे.”

ती उठली, जुनं ब्लेड शोधून आणलं आणि माझ्या शेजारी बसली. एकाआड एक टाका कापत गेली, आणि मग चिमटीत धरून खिसा अलगद सोलून काढला. आणि थांबली.

खिशाखाली एक गडद चौकोन होता. जवळजवळ शाईसारखा निळा. त्याच्या चारी बाजूंना तेच कापड राखेसारखं विटलेलं, आणि मधे हा, आजच दुकानातून आणल्यासारखा.

आईने त्यावर अंगठा फिरवला. “हा होता रंग,” ती म्हणाली. “मी विसरूनच गेले होते. पहिल्या दिवशी हे घालून निघाले तेव्हा मी खिडकीतून बघत होते. पार कोपऱ्यापर्यंत दिसत होते.”

मी उरलेल्या शर्टांचा ढीग तिच्याकडे सरकवला. मग मी म्हणाले, “सगळ्यांचे काढ.”

“सगळ्यांचे काय?”

“खिसे. सगळे.”

“अगं, मग शर्टाचं उरलं काय?”

“गोधडी.”

ती काढत गेली, मी इस्त्री करत गेले. खिडकीपाशी सारख्या उजेडात फोटो घेतले. गडद तुकडे चांदणीत भरले, विटकं कापड भोवती आकाशासारखं पसरू दिलं. मग रंग काढण्याची कळ दाबली.

चांदणी होती. नुसती होती असं नव्हे, पडद्यातून पुढे आली होती. आठही टोकं धारदार, मधला ठोकळा घट्ट. मी खुर्चीतून उठले, खोलीच्या पार दुसऱ्या भिंतीपाशी जाऊन डोळे बारीक करून पाहिलं. तिथूनही ती तशीच.

आई माझ्यामागे येऊन उभी राहिली. “हे आपोआप झालं?”

“नाही,” मी म्हणाले. “मी केलं.”

गडद कापड थोडं कमी पडत होतं, सॉफ्टवेअरने तसं लाल अक्षरांत बजावलं. आईने कॉलर उलटून दाखवली. तिच्या घडीत, बाहीच्या मुडपणीत, जिथे म्हणून ऊन पोचलं नव्हतं तिथे तोच रंग दडून बसला होता. ती प्रत्येक शर्ट आता झडती घेतल्यासारखा चाचपत होती.

रविवारी आत्या मोठी पिशवी घेऊन आली. जमिनीवर खिशांचा ढीग होता आणि आई हातात ब्लेड घेऊन बसलेली.

“या वयात खिसेकापू झालीस, वहिनी?”

“तुझ्याच भावाचे कापतेय.”

आत्या हसली. मग पडद्यासमोर आली आणि तिचं हसू विरलं. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “हा रंग कुठून आणलास?” मी खिसा काढलेला शर्ट तिच्या हातात दिला. तिने तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. नंतर तिने आपल्या पिशवीची घडी घातली, घडीची घडी घातली आणि पर्समध्ये कोंबली.

“शिलाई मशीन माझं घेऊन जा,” ती म्हणाली. “आधी तेल घाल. फार रडतं.”

रडलं खरं. मीही त्याच्या वाटेने जायच्या बेतात होते, कारण पहिल्या चार टोकांतली तीन शिवणीत बोथट झाली. उसवली, पुन्हा शिवली. पुस्तकात चुकलेली ओळ दुरुस्त करायला एक कळ पुरते. इथे चुकलेली टीप बोटांनी परत मागावी लागते. पण एकदा एका टोकाशी दुसरं टोक नेमकं, केसभरही न सरकता भेटलं आणि त्यानंतर माझा हात चुकला नाही. अस्तर घातलं, मधे कापसाचा थर, आणि तिघींनी मिळून तिन्ही थर टाके घालून एकत्र शिवले.

तयार झाली त्या दुपारी आत्याने ती आधी उलटी करून टाके तपासले. खोट काढायला काही सापडेना, तेव्हा म्हणाली, “कडेला जरा जास्तच सरळ शिवलंयस.”

आम्ही ती पलंगावर पसरली. पडद्यावर पाहिली होती त्यापेक्षा कितीतरी मोठी. खोलीतली प्रत्येक वस्तू तिच्या बाजूने तोंड करून बसल्यासारखी वाटत होती. आत्या चहा टाकायला गेली. आई बाहेर गेली आणि सोफ्यावरची उशी घेऊन परत आली. ती पलंगावर आडवी झाली, आपल्या बाजूला, आणि गोधडी खांद्यापर्यंत ओढून घेतली.

“थंडी वाजतेय?” मी विचारलं.

“नाही गं. जड आहे. बरं वाटतंय.” मग माझ्याकडे बघून, “तू कशाला उभी? बस की.”

मी बाबांच्या बाजूला टेकले. आमच्या घरात अशा गोष्टी कुणी बोलून दाखवत नाही. मी तर वाचलेल्या पुस्तकांतसुद्धा त्या जागा घाईने ओलांडते. मी चांदणीच्या एका टोकावर हात ठेवला, आणि मोठ्याने, आईला आणि स्वयंपाकघरात आत्यालाही ऐकू जाईल असं म्हणाले, “मला बाबा फार आवडायचे.”