तपासणी फक्त सुनेचीच?

उमेश जेवून उठला की त्याच्याच ताटात शीतलने जेवायचं, हा सिंधीपुऱ्यातल्या त्या घरात सासूबाईंचा नेम होता. मालूबाई स्वतः नवऱ्याच्या ताटात सत्तावीस वर्षं जेवल्या होत्या. लग्नाला सहा वर्षं झाली तरी शीतलनेही नेम मोडला नव्हता. वर्षभरापासून मात्र दोन घास पोटात गेले की तिला जळजळ व्हायची. "जास्त विचार करू नको, बरं होईल," एवढंच मालूबाई म्हणत. शेवटी एका सकाळी शाळेत शिकवताना तिला फळ्यासमोरच भोवळ आली, आणि कोणालाही न विचारता ती शनवाऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

शौचाची तपासणी झाली. जठरात जंतूंचा संसर्ग निघाला.

"औषधानं बरं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण घरात हा एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. ज्यांना पोटाचा त्रास आहे, त्यांचीही तपासणी करा."

घरी हे कळताच मालूबाईंनी शीतलचं ताट, पेला, तांब्या मोरीपाशी वेगळा मांडला.

"बहादरपूरले जाय तुझ्या आईकडे. बरी झाली का ये. माझ्या पोराले लावशील."

उमेश खाली मान घालून जेवत होता. पोटातल्या आगीसाठी दोन वर्षं तो रोज गोळी घेत होता.

"अहो, तुमचीही तपासणी करू," शीतल म्हणाली.

"मला काय झालंय? थोडी ॲसिडिटी है, बस. तू जा ना पंधरा दिवस. घरात झगडा नको."

निदान एक शब्द तरी तो आपल्या बाजूने बोलेल, असं तिला वाटलं होतं. तिने मोरीपाशी जाऊन आपलं ताट उचललं, सगळ्यांच्या मधोमध आणून ठेवलं आणि स्वतःला गरम पोळी वाढून घेतली.

"आई, मी कुठेही जाणार नाही. सहा वर्षं यांचं उष्टं मी खाल्लं, माझं यांनी कधी नाही. मग कोणी कोणाला लावलं, ते तपासल्याशिवाय कसं कळणार? औषध मी याच घरात घेणार. आणि यांच्या ताटात आजपासून जेवणार नाही."

"जबान चालवते!" उमेश ताटावरून उठला. "मी नाही जाणार. मर्दाला असल्या तपासण्या लागत नाहीत."

मालूबाईंचा वाढता हात थांबला.

"तुझे बाबा बी असंच म्हणत होते," त्या म्हणाल्या. "रक्ताची उलटी झाली तेव्हा नेलं दवाखान्यात. काय उपयोग झाला?" मग छातीखाली हात दाबून त्या शीतलकडे वळल्या. "बेटा, जळजळ तर मले बी होते. इतकी वर्षं कोणाले सांगू?"

दुसऱ्या सकाळी दोघी लॅबमध्ये गेल्या. काउंटरवरच्या बाईने नाव विचारलं.

"मालूबाई. अन् खाली माझ्या पोराचं बी लिही, उमेश."

"ते आलेत का?"

"आज नाही आला," मालूबाई म्हणाल्या. "पण लिही तू. माय आहे मी त्याची. आणते."