ह्यांची सोळा, हिची चोवीस

टेलरबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतली. गल्लीत कुणाचं पोट कुठल्या वर्षी किती सुटलं, हे त्या टेप न लावता सांगायच्या. पण स्वतःचं पाऊल किती लांब पडतं हे काही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यापायीच प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, त्या एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या काठावर येऊन उभ्या राहिल्या. पुढे रस्ता नाही, मागे माणूस नाही, आणि गुडघा तर असा ठणकत होता की विचारू नका.

"आता काय करू हो तुमचं?" त्या हातातल्या वहीला म्हणाल्या.

वही नवऱ्याची होती. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती.

आता ही भानगड पहिल्यापासून सांगायला हवी. नवरा मोजणीदार. लोकांच्या जमिनी मोजण्यात चाळीस वर्षं काढलेली, आणि ती सवय अशी अंगात मुरलेली की घरातही माणूस मोजतच चालायचा. फाटकापासून दारापर्यंत त्यांची सोळा पावलं व्हायची, बाईंची चोवीस. बाजारातून येताना हे दाराशी पोचून किल्ली फिरवत असायचे आणि बाई पिशव्या सांभाळत मागून ओरडत यायच्या, "अहो, गाडी सुटतेय का कुठली?" लग्नानंतरची सगळी वर्षं बाईंनी नवऱ्याची पाठच जास्त बघितली, असं त्या स्वतःच हसत सांगायच्या.

मोजणीदार गेल्यावर त्यांच्या अवजारांच्या पिशवीत ही वही सापडली. उघडून बघतात तर काय, यात्रेकरूंच्या त्या जुन्या रस्त्याची अख्खी वाट लिहिलेली. शेकडो वर्षं लोक ज्या वाटेने देवस्थानापर्यंत चालत आले, ती. 'विहीर सोडल्यावर २०० पावलं, मग डावीकडे.' 'पूल. पुढे ३१० पावलं.' तारखा बघितल्या तेव्हा बाईंच्या डोक्यात उजेड पडला. चार वर्षांपूर्वी हे आठ दिवस 'जुन्या साहेबांच्या शेताची मोजणी आहे' म्हणून गेले होते, तेच हे दिवस! ते निघायच्या आदल्या दिवशी घरात भांडणही झालं होतं. बाईंच्या निळ्या नाडीच्या गुंडाळीतला तुकडा कुणीतरी कापून नेला होता. "उंदराने नेला असेल," म्हणाले होते हे. "उंदराने काय कात्रीने कापला?" असं बाईंनी सुनावलं होतं.

तर हा माणूस आपल्याला न सांगता, न नेता, एकटाच फिरून आला. बाईंच्या मनाला ते फार लागलं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ही मोठी अडचण.

त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलगा मागेच लागला. "आई, एकटी राहू नकोस. घर काढून टाकू. आमच्याकडे ये." मुलाचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, छान, हवेशीर, पण शिलाई मशीन ठेवायला त्यात जागा नव्हती. बाईंना ते घर सोडायचं नव्हतं. तिथली खिडकी, तिथला कापायचा टेबल, दारात उभं राहून "बाई, एवढं जरा सैल करून द्या ना" म्हणणाऱ्या बायका, हे सोडून सातव्या मजल्यावर त्या करणार काय? आभाळाला टाके घालणार?

शेवटी बाई हट्टाला पेटल्या. "तो जुना रस्ता मी एकटी चालून दाखवते. आठ दिवस. एकदा जरी गाडी मागवली, तर तू म्हणशील तिथे सही करते. नाही मागवली, तर घराचा विषय बंद."

मुलाने मान्य केलं. त्याला वाटलं, पहिल्याच दिवशी फोन येईल.

हल्ली अशा सहली निघतात. वाटाड्या नाही, घोळका नाही, आपलं आपण चालायचं. कंपनी मुक्कामाच्या खोल्या ठरवते, मोठी बॅग गाडीने पुढच्या मुक्कामी पोचवते, नकाशाची पुस्तिका देते आणि एक फोन नंबर. चुकलात, थकलात, तर फोन करा, गाडी येईल. बाईंनी नकाशाची पुस्तिका मोठ्या बॅगेत तळाशी घातली आणि वही हातात घेतली. नवरा चाळीस वर्षांत एका बोटाने चुकला नव्हता, त्याला सोडून त्या छापील चिठोऱ्यांवर कशाला भरवसा ठेवतील!

फक्त हिशोब करावा लागणार होता. ह्यांची सोळा म्हणजे आपली चोवीस, म्हणजे दीडपट. वहीत दोनशे लिहिलंय ना, मग आपण तीनशे चालायची. सोपं.

पहिल्याच दिवशी चार वळणं हुकली. दर वेळी बाई पुढे निघून जायच्या, कुणाच्या तरी कुंपणाशी थडकायच्या आणि शिव्या घालत मागे यायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दीडपटीची सव्वापट केली, तरी पुढेच. मग मात्र शिव्या थांबल्या. ह्यांची मोजणी चुकणं शक्य नाही. म्हणजे ह्यांचं पाऊलच आखूड झालं होतं. शिवाय वहीत जागोजागी लिहिलेलं, 'थांबा. ५ मिनिटं.' 'बाक आहे. थांबा.' हा माणूस आणि थांबणार? म्हणजे ज्या आजाराने पुढच्याच वर्षी त्यांना अंथरुणाला खिळवलं, तो तेव्हाच सुरू झाला होता. चार वर्षांपूर्वीच. एकाच घरात राहून आपल्याला कळलं नाही. जगाची मापं घेणाऱ्या बाईला नवऱ्याचं पाऊल आखूड झालेलं दिसलं नाही.

दुसरी रात्र त्यांनी अशीच काढली. आणि तिसऱ्या दिवशी, 'पांढरा दगड, पुढे ४२० पावलं, उजवीकडे उतार, खानावळ, थांबा,' याची, ह्यांचं पाऊल आखूड झालं हे मन मानेना म्हणून, पुन्हा दीडपट करून त्या खाणीत पोचल्या.

फोन हातात होता. नंबरही लावला होता, फक्त हिरवं बटण दाबायचं बाकी. "जाऊ दे," त्या स्वतःशी म्हणाल्या, "नाही जमत. सातवा मजला तर सातवा मजला." तेवढ्यात खाली, मागच्या बाजूला, वाळत घातलेल्या चादरी दिसल्या. एक दोन नाही, वीसेक. एवढ्या चादरी कुणा घरच्या नसतात. बाईंनी फोन खिशात टाकला. निदान पाणी पिऊन हरू, म्हणाल्या.

खानावळ चालवणारी बाई त्यांच्याच वयाची, पदर खोचलेली, तोंडाची सैल. तिने पाणी आणलं, चहा टाकला, आणि टेबलावरची वही बघून थबकली.

"ही वही... हिचे मालक कुठायत?"

"माझे मिस्टर. वारले. दोन वर्षं झाली."

"अरे देवा." ती समोरच बसली. "तुम्ही त्यांच्या होय? नाडीवाल्यांच्या?"

"कुठली नाडी?"

"अहो, या वाटेवर आम्ही सगळे नवस बघितलेत. कुणी अनवाणी, कुणी मुक्याने. पण दोन्ही घोट्यांना नाडी बांधून टुकूटुकू चालणारा माणूस एकच! मी विचारलंच, काय हो, असं काय पाप केलंत? तर म्हणाले, पाप नाही, माप आहे. बायकोचं पाऊल आहे हे. पुढच्या वर्षी तिला घेऊन यायचंय, तिच्या पावलांनी लिहून ठेवतोय. माझ्या पावलांनी लिहिलं तर ती रस्ता चुकेल आणि शिव्या मला घालेल."

बाईंनी कप खाली ठेवला.

"चुकले," त्या म्हणाल्या. "आणि शिव्याही घातल्या."

"मग झालं की त्यांच्या मनासारखं!"

"पण थांबा, थांबा लिहिलंय जागोजागी. दमत होते का? आजारी दिसत होते का? खरं सांगा."

"आजारी? ते? नाडी सोडल्याबरोबर माझा जिना दोन दोन पायऱ्या टाकत चढले! अहो, बाक दिसला की बसायचे आणि घड्याळ बघायचे. मी म्हटलं, दमलात? तर म्हणाले, मी नाही, ती दमते. गुडघा आहे तिचा, पण बोलून दाखवणार नाही."

टेलरबाई हसायला लागल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या, आणि दोन्ही एकदम करणं काही त्यांना आवरेना. खानावळवाली उठली आणि खिडकीचं दार बांधलेली दोरी सोडून घेऊन आली. उन्हाने विटलेली, घासून झिजलेली, पण निळीच. "तुटायला आली होती म्हणून मी त्यांना नवी दिली. मापून अगदी तेवढीच घेतली हो. ही राहिली माझ्याकडे."

"उंदीर," बाई म्हणाल्या. "हाच तो मेला माझा उंदीर."

टेप त्यांच्या खिशात असतोच. दोन फासांमधली नाडी ताणून धरली. एकवीस इंच. मग त्या फरशीवर नेहमीसारखं एक पाऊल टाकून उभ्या राहिल्या आणि खानावळवालीला टेपचं टोक मागच्या टाचेशी धरायला लावलं. पुढच्या टाचेपर्यंत एकवीस.

वहीच्या पहिल्याच पानावर, कोपऱ्यात, गोल करून '२१' लिहिलेलं होतं. बाईंना वाटलं होतं, एकविसावी वही असेल. मोजणी सुरू करण्याआधी माप लिहायचं, ही ह्यांची चाळीस वर्षांची रीत; आणि बाईंनी ती चाळीस वर्षं बघितलेली. तरी घातला गोंधळ.

पुढचे पाच दिवस त्यांनी दीडपट, सव्वापट सगळं सोडून दिलं. लिहिलंय तेवढी पावलं चालल्या. तीनशे दहा म्हणजे तीनशे दहाव्या पावलाला वळण समोर! दर वेळी त्यांना नव्याने आश्चर्य वाटायचं, आणि त्या मोठ्याने म्हणायच्या, "बरोबर आहे हो तुमचं." 'थांबा' आलं की थांबायच्या. बाकावर डाव्या बाजूला बसायच्या, उजवीकडे जागा ठेवून. गुडघा कुरकुरायचा, पण गाडीचा विचार काही परत मनात आला नाही.

आठव्या दिवशी सकाळी देवस्थानाच्या पायऱ्या आल्या. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: 'पायऱ्या ५२. कठडा उजव्या हाताला. वर गेल्यावर सपाट २४ पावलं. इथे तिला पुढे चालू द्यायचं.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. वही मिटली, पदर सारखा केला आणि चोवीस पावलं चालल्या. घाई केली नाही. मागे वळून बघितलं नाही.

चौथऱ्यावर बसून त्यांनी मुलाला फोन लावला.

"आई! पोचलीस? गाडी किती वेळा मागवलीस, खरं सांग."

"एकदाही नाही. कंपनीला विचार."

"बरं बाई, जिंकलीस. घराचा विषय बंद. परवा घ्यायला येतो तुला, घरी सोडतो."

"ये. आणि हे बघ, तूही बापासारखाच ढांगा टाकत पुढे पळतोस. परवा फाटकापासून दारापर्यंत माझ्या मागून चालायचं. चोवीस पावलं होतात. मोजून ठेव, पुढच्या वर्षी तुला या रस्त्याने आणायचंय मला."